राखुंडीला घेऊन गेलेलं पोतं

मित्रांनो, मी एक जुना बारदाना आहे. एवढं भारदस्त नाव मला फक्त अडत्याच्या दुकानात मिळालं. घरात सगळे मला पोतंच म्हणतात. देऊळघाटला गोकुळच्या घरी, ओसरीच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. तुम्ही आला असतात तर माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, आणि त्याचं मला काही वाटलं नसतं. पोत्याकडे कोण पाहतं?

माझा जन्म दूर बंगालातला. तिथं ताग पाण्यात कुजवतात, सोलतात, वाळवतात आणि गिरणीत विणतात. मी इकडे आलो तो पोटात साखर घेऊन. साखर संपली आणि किराणावाल्यानं मला गोकुळच्या वडिलांना देऊन टाकलं. तेव्हापासून मी या घरचा. ज्वारी वाहिली, हरभरा वाहिला, तूर वाहिली. पाऊस आला की माझा एक कोपरा दुसऱ्यात खोचून लोक माझी खोळ करायचे आणि डोक्यावर घेऊन वावरात जायचे. गोकुळचा म्हातारा बाप माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "असं पोतं आता भेटत नाई बे! हे पलास्टिकचे एका उन्हात फाटून जाते." ते ऐकून मी फुगून जायचो. म्हातारा गेला, आणि कौतुकही त्याच्यासोबत गेलं. मग मी चुलीजवळ पायपुसणं झालो.

पण खरं सांगतो, ते दिवस वाईट नव्हते. कारण तिथं राखुंडी होती.

राखुंडी म्हणजे गोकुळच्या मुलीची, निशिगंधाची मांजर. रंग थेट चुलीतल्या राखेचा, म्हणून हे नाव. निशिगंधा पाचवीत आहे. तिनं हे पिल्लू बसस्टँडवरून दप्तरात घालून आणलं होतं आणि आईचा, मंजुश्रीचा, पुष्कळ ओरडा खाल्ला होता. राखुंडीला गादी नको, उशी नको, मीच हवा. ती माझ्यावर पंजे रोवायची, गोल फिरायची, मग अंगाचं मुटकुळं करून झोपायची. तिच्या घुरघुरीनं माझे धागे थरथरायचे. आयुष्यभर माझ्यावर वजनच पडलं, पण तिच्याएवढं हवंहवंसं दुसरं कुठलं नव्हतं.

मग गोकुळ गावच्या निवडणुकीला उभा राहिला. फॉर्म भरायला निघाला आणि दारातच राखुंडी आडवी गेली. तो परत आला, पाणी प्याला, पुन्हा निघाला. निवडणुकीत तो आपटला. गोकुळनं कोणाकोणाशी भांडणं केली होती, लोकांच्या लग्नाला, मौतीला कधी गेला नव्हता, ते सगळं बाजूला राहिलं आणि दोष आला मांजरीवर. "ह्या मांजरीनंच माही सीट पाडली," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. लोक तोंडावर 'हाव हाव' म्हणायचे आणि पुढं जाऊन हसायचे.

मांजर मारायला तो धजत नव्हता. पापाची भीती! म्हणून आमच्याकडे एक सोय करून ठेवलेली आहे. मांजर पोत्यात घालायचं, नदीपलीकडे न्यायचं, पोतं गरागरा फिरवायचं म्हणजे त्याला दिशा कळत नाही, आणि सोडून द्यायचं. मधे नदी असली की ते परत येत नाही म्हणतात. मग ते उपाशी मरो, कुत्री फाडोत, पाप लागत नाही. हा हिशेब कोणी केला ते मला माहीत नाही, पण केला मोठ्या माणसानंच.

एका पहाटे गोकुळनं मला उचलून तोंड उघडून धरलं. राखुंडीला पकडावंही लागलं नाही, मित्रांनो. ती स्वतःहून आत आली. तिचंच अंथरूण ते, ती कशाला घाबरेल? आत येऊन तिनं पंजे रोवले, गोल फिरली आणि बसली. तेव्हा त्यानं सुतळी आवळली.

गाडीवर मी त्याच्या पायाशी होतो. पैनगंगेच्या पुलापलीकडे त्यानं गाडी थांबवली आणि मला हातभर लांब धरून फिरवलं. आतून ती जे ओरडली ते मी कधी विसरणार नाही. "मारली त पाप लागते, सोडून देल्ली त नाई लागत," असं तो पुटपुटत होता. सुतळी सुटली. राखुंडी लटपटत बाहेर पडली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाभळीत शिरली. मला त्यानं झटकलं, घरी आणलं आणि पहिल्यांदाच खुंटीवर टांगलं.

सकाळी निशिगंधा उठली आणि घरभर 'राखुंडी, राखुंडी' सुरू झालं. मग गल्लीत. पिठाच्या गिरणीमागे, शाळेच्या कुंपणात, पाण्याच्या टाकीखाली. "माही मांजर पाह्यली का हो?" ज्याला त्याला तिचा हा एकच प्रश्न. कोणी म्हणे, येईल. कोणी म्हणे, दुसरी पाळ. दुपारी ती शेजारच्या नूरबीला हाताला धरून घेऊन आली, आणि मग जे घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं ते बाहेर पडलं. कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, खोलीत राखुंडीची तीन पिल्लं होती. डोळेही न उघडलेली. बाबा आधीच चिडलेले, म्हणून निशिगंधानं ती लपवून ठेवली होती आणि फक्त नूरबीला सांगितलं होतं.

निशिगंधानं पिल्लं ओसरीवर आणली. नूरबीनं आपल्या शेळीचं दूध आणलं, कापसाची वात भिजवली आणि एकेकाच्या तोंडाला लावली. पिल्लं वात चोखत नव्हती, नुसती तोंड फिरवून आईला शोधत होती.

"हे कुठवर पुरंन?" नूरबी म्हणाली. "यायले माय पाह्यजे. आज भेटली त ठीक."

गोकुळ दारातच उभा होता. त्याचा चेहरा मी खुंटीवरून नीट पाहिला. त्याला कळलं होतं. नूरबी त्याच्याकडे पाहून म्हणाली, "पिल्लंवाली मांजर आपल्या मनानं नाई जात, गोकुळभाऊ. कोणी तं नेली असंन."

"मले काय मालूम?" तो म्हणाला.

"अहो, तुमी पण जरा गाडीवर पाहून या ना," मंजुश्री म्हणाली. "पोरगी जेवली नाई सकाळपासून."

"मी येतो संगं!" निशिगंधा चप्पल घालायला धावली.

त्या क्षणी माझ्या जिवात जीव आला. तिला घेऊन गेला असता तर सगळं सुटलं असतं. ती बाभळीपाशी उभी राहून एक हाक मारती आणि राखुंडी उडी मारून तिच्या कडेवर येती. पण मग पुलापलीकडेच का आलो, हे सांगावं लागलं असतं. "तू पिल्लायपाशी थांब," असं म्हणून गोकुळनं मला खुंटीवरून ओढलं आणि एकटाच निघाला.

त्यानं शोधलं, हे मी नाकारत नाही. बाभळीत वाकून, दबक्या आवाजात, कोणी पाहत नाही ना हे बघत तो हाका मारत होता. रस्त्यानं ओळखीचा एक जण आला तेव्हा म्हणाला, "नदीवरची मोटर पाहायले आलो होतो." तो माणूस गेला आणि झुडपातून राखुंडी बाहेर आली. अंगाला चिखल, स्तन दुधानं ताठलेले. ती गोकुळकडे एक एक पाऊल टाकत आली. तिला घरी जायचं होतं, मित्रांनो. तिला पिल्लांकडे जायचं होतं.

तेव्हा गोकुळनं माझं तोंड उघडून तिच्यापुढं धरलं.

तिनं मला पाहिलं. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले, ती फिस्कारली आणि अशी पळाली की पुन्हा दिसलीच नाही. जी माझ्याशिवाय झोपत नव्हती, ती मला पाहून पळाली. मला जीभ असती तर त्या दिवशी मी गोकुळला शिव्या दिल्या असत्या.

"नदीपर्यंत जाऊन आलो. नाई भेटली," असं त्यानं घरी सांगितलं. तेवढं खरं होतं. आणखी एकच वाक्य बोलायचं होतं, आणि अजून उशीर झाला नव्हता. पिल्लं जिवंत होती, राखुंडी नदीपलीकडे होती आणि निशिगंधा समोर उभी होती. तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू गेलं, त्यानंतर दुसरं. तिसरं तेवढं नूरबीच्या घरी, शेळीच्या दुधावर कसंबसं तगलं. निशिगंधानं परसात खड्डा केला तेव्हा गोकुळही मदतीला गेला. ती रडत रडत त्याला म्हणाली, "तुमी तरी काय करसान, बाबा? तुमी तर किती हिंडले तिच्यासाठी." आणि त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कडू लागतं मला हे आठवलं की. ज्यानं नेली त्याचंच समाधान ती पोर करत होती, आणि तो ते करून घेत होता.

निशिगंधा अजून शाळेतून आली की गल्लीगल्लीत हाका मारत फिरते. नदीच्या या काठावर.

मित्रांनो, स्वतःसाठी मला काही मागायचं नाही. मी विरलोय, उद्या कोणी फाडून बोळे करील. पण तुमच्या घरचं मांजर कधी दिसेनासं झालं तर गल्ली धुंडाळायच्या आधी घरातल्या मोठ्यांपुढं उभे राहा आणि विचारा, तुम्ही नेलं का? ते रागावतील, रागावू द्या. आणि तुम्ही मोठे झाल्यावर एखाद्या पोरानं तुम्हाला असं विचारलं, तर खरं सांगा. पिल्लं जिवंत आहेत तोवर सांगा.