इस्त्रीवाल्यांच्या पलंगाला ढेकूण झाले तेव्हा

या मित्रांनो, जवळ या. पाय वर घेऊन बसलात तरी चालेल, मला ओझ्याची सवय आहे. आवाज मात्र जरा हळू ठेवा, कारण माझी गोष्ट झोपेची आहे आणि झोप मोठ्या आवाजाला बुजते. ती एका घरातून रुसून कशी निघून गेली आणि तिला हाताला धरून परत कोणी आणले, ते आज तुम्हाला सांगतो.

मी एक जुना लाकडी पलंग आहे. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. तो काम करताना देवाचे नाव गुणगुणत असे आणि रंधाही त्याच तालात फिरत असे. त्याने माझ्या सांध्यांत एकही खिळा मारला नाही. लाकडात लाकूड असे बसवले की मधून वारासुद्धा वाट काढू शकला नसता. मग इस्त्रीवाले काका आले, त्यांनी मला दोन्ही हातांनी हलवून पाहिले आणि म्हणाले, "हा हलत नाही. आमच्या सासूबाईंसारखा आहे." त्यांचे लग्न नुकतेच झाले होते.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत इस्त्रीचे टेबल, मागच्या खोलीत मी. दिवसा माझ्यावर लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे असत. इस्त्रीखालून नुकतेच निघालेले, उबदार, पावासारखे फुगलेले. रात्री ते गठ्ठे उचलले जात आणि काका, काकू अन् पुढे त्यांची लेक, तिघे माझ्यावर आडवे होत. गठ्ठ्यांची ऊब तेव्हाही फळ्यांत राहिलेली असे.

मित्रांनो, एक गुपित सांगतो. माणूस झोपला की त्याचे स्वप्न गादीतून झिरपत पलंगापर्यंत येते. काकांच्या स्वप्नात समुद्र असे आणि ते त्याच्या लाटांवर इस्त्री फिरवत असत; पुढची लाट सपाट होईपर्यंत मागची चुरगळलेली असे. लेकीच्या स्वप्नात सदरे पाखरांसारखे उडत. काकू मात्र बहुधा स्वप्नाशिवायच झोपत, विहिरीच्या तळासारखी शांत झोप. मला वाटते, देव दिवसभर माणसाची परीक्षा घेतो आणि रात्री त्याला मांडीवर घेतो. ती मांडी म्हणजे मी, असे म्हणण्याइतका मी गर्विष्ठ नाही. पण त्या मांडीखालचा पाट तरी नक्कीच आहे. काकांची बहीण आली की म्हणायची, "वहिनी, तुझ्या या पलंगावर पडलं की डोळा लागलाच म्हणून समज." ते ऐकून माझे लाकूड फुलून यायचे.

पुढे त्यांनी घर बदलले. काकांनी मला घाईघाईत सुटे केले, उशाकडचा एक सांधा चिरला आणि त्यांनी त्यात खिळा ठोकून वेळ भागवली. मी कुरकुरू लागलो. "बघू नंतर," काका म्हणाले. ते नंतर काही आले नाही. माझ्या अंगात एक फट राहिली, अंधारी आणि कोरडी.

आणि एके दिवशी काका एक खुर्ची डोक्यावर घेऊन जिना चढून आले.

"अहो, हे काय उचलून आणलंत?"

"खुर्ची आहे. पाय आहेत, पाठ आहे, हात आहेत. तुझ्या भावापेक्षा कामाची आहे."

"माझ्या भावाला मध्ये आणू नका. चांगली होती तर लोकांनी रस्त्यावर का टाकली?"

"लोकांना कदर नाही, अजून काय?"

गादी जडवलेली सुंदर खुर्ची होती. काकांनी ती माझ्या उशाशी ठेवली. तिच्या शिवणींतून ते बाहेर आले. जवसाच्या बीएवढे, चपटे, तपकिरी. भिंतीवरून सरपटत त्यांनी माझी फट शोधली. मी त्यांचा द्वेष करत नाही, तेही देवानेच घडवलेले जीव आहेत. पण देवाचे एवढे मोठे घर असताना त्यांना माझाच सांधा का दिसावा?

तेव्हापासून माझ्याकडे स्वप्ने झिरपेनाशी झाली. समुद्र आटला, पाखरे गेली. वर नुसती कुशी बदलण्याची चुळबुळ. सकाळी लेक आपला दंड पुढे करून म्हणाली, "आई, डास आता रांगेत उभे राहून चावायला लागले का गं?"

काकूंनी तो दंड पाहिला आणि गादीचे टोक वर उचलले. शिवणीच्या कडेने पेनाच्या टोकाने दिल्यासारखे काळे ठिपके होते आणि कोंड्यासारखी त्यांची गळालेली साले. काकू माझ्या कडेवर बसल्या.

"कोणाला सांगायचं नाही हं," त्या लेकीला म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

त्या का घाबरल्या ते ऐका. त्यांच्याकडे कपडे देणाऱ्यांना या घरात टोपणनावे होती. एक सुरकुतेसाहेब, एक बटणतोडे आणि सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक कडकबाई. प्रवाशांना उतरायला खोल्या देणारे एक छोटे लॉज त्या चालवत. तिथल्या साऱ्या चादरी आणि अभ्रे इथे येत. बाईंना घडी अशी कडक लागे की हात कापेल. एक सुरकुती दिसली तर गठ्ठा परत. अशा बाईंना ढेकणांचे कळले तर काम गेलेच. आणि ते काम गेले की या घरातली इस्त्री अर्धा दिवस थंड राहणार होती. पण न कळवता चादरी दिल्या, तर तिथे निजणाऱ्या परक्या माणसांचे काय? काकूंच्या मनात हेच पुढे-मागे, पुढे-मागे चालले होते.

"आपल्या कपड्यांत कशाला येतील?" काका समजूत घालत म्हणाले. "सगळे इस्त्रीखालून जातात. एवढ्या चटक्यात जिवंत राहील का कोणी?"

खरेच राहत नसे. पण इस्त्री झाल्यावर ते उबदार गठ्ठे माझ्यावर येत, आणि ऊब लागली की ढेकणांना वाटे माणूस आला. ते घड्यांत शिरत. उबदार कपडे पलंगावर ठेवण्याची चूक इस्त्रीवाल्यांशिवाय कोण करणार? मला ओरडून सांगावेसे वाटे. पण पलंगाची भाषा म्हणजे कुरकुर, आणि माझ्या कुरकुरीची घराला सवय झाली होती.

तिघे पुढच्या खोलीत निजू लागले. ढेकूण त्यांच्या मागे तिकडेही गेले. मग काकांनी रॉकेलचा डबा आणला.

"इस्त्रीच्या घरात रॉकेल ओतताय? गादीसकट वर जायचंय का आपल्याला?"

"मग पलंगच काढून टाकतो. नाक्यावर ठेवला की नेईल कोणीतरी."

मित्रांनो, त्या खुर्चीची पूर्वकथा मला त्या क्षणी कळली. तिलाही कोणी असेच नाक्यावर ठेवले असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडकबाई आल्या. त्यांच्या चपलांचा आवाजसुद्धा इस्त्री केल्यासारखा सरळ. काकूंनी माझ्यावरचा चादरींचा गठ्ठा उचलला, आणि वरच्या घडीच्या कडेला एक ढेकूण चालताना त्यांना दिसला. बाई पिशवीचे तोंड उघडत होत्या, त्यांचे लक्ष नव्हते. काकूंचा अंगठा घडीवरच होता. नुसता दाबला असता तरी झाले असते.

त्यांनी गठ्ठा मागे ओढला.

"बाई, हा आज देत नाही."

"का? घडी चुकली?"

"घडी नाही चुकली. आमच्याकडे ढेकूण झालेत. तुमच्या चादरींतसुद्धा गेलेत."

पुढच्या खोलीत काकांचा हात थिजला. इस्त्री एका सदऱ्यावर तशीच राहिली आणि करपल्याचा वास सुटला.

"अहो, आधी तो सदरा वाचवा," कडकबाई म्हणाल्या. मग काकूंकडे वळल्या. "कुठे आहेत, दाखव."

त्यांनी चष्मा लावला, गुडघे टेकले आणि माझ्या फटीत पाहिले. "हं. उशाकडच्या सांध्यात. आणि ही खुर्ची कुठली?"

"रस्त्यावरची," लेक म्हणाली. काकांना एकाएकी करपलेल्या सदऱ्यात फार रस वाटू लागला.

"आम्ही रोज झाडतो, पुसतो, बाई. देवाशपथ, घाण नाही ठेवत." काकू घाईने म्हणाल्या.

"घाणीचा काय संबंध? त्यांना माणूस लागतो, कचरा नाही. माझ्या लॉजमध्ये आले तेव्हा फरशीत तोंड दिसायचं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गाद्या उलटल्या. एकटीने. धंदा असा, की सांगायचं कोणाला?" बाईंनी चष्मा काढला. "गादी एकटीला उलटत नाही गं. ती आपल्याच अंगावर पडते." त्यांनी हातातले घड्याळ काढून पिशवीत टाकले आणि बाह्या वर सारल्या. "धर ते टोक."

आणि मित्रांनो, ती दुपार मला आजही स्वप्नासारखी आठवते. त्यांनी मला सांध्यासांध्याने सुटे केले. घरातले सारे अंथरूण उकळत्या पाण्यात गेले. वाळले की इस्त्रीखालून निघून थेट पिशवीत, आणि पिशवीचे तोंड घट्ट बांधलेले. गादीच्या शिवणी, खिळ्याची भोके, माझी फट, सगळीकडून काकूंनी वाफेची इस्त्री फिरवली. "सावकाश," बाई बजावत होत्या. "वरवर फिरवलीस तर आतले हसतील तुला." काकूंनी जन्मात इतकी संथ इस्त्री केली नव्हती. खोली वाफेने भरली, माणसे दिसेनाशी झाली, नुसते आवाज उरले. त्या धुक्यात मी पुन्हा झाड झालो. माझ्या फांद्यांवर पहाट उतरली होती आणि कोणीतरी माझ्या सालीवरून ऊन हात फिरवत होते. देव भेटायला येत असेल तर असाच येत असेल, बाह्या सारून.

खुर्चीचे तुकडे करून ते प्लॅस्टिकमध्ये बांधले आणि वर काकांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले, 'ढेकूण आहेत, नेऊ नये.' माझी फट भुसा आणि सरस कालवून बुजवली. मला भिंतीपासून दूर उभे केले, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

"आता झोपायचं इथेच. तुम्ही जाल तिथे ते येतील," बाई म्हणाल्या. "आणि अंडी राहिली असतील. ती फुटतील, तेव्हा हे सगळं परत करायचं."

"परत?" काका कळवळले.

"सदरा एकदा इस्त्री केला की जन्मभर कडक राहतो का हो?"

दुसऱ्या खेपेला थोडे सापडले, तिसऱ्या खेपेला एकही नाही. दोन्ही वेळा गादीचे दुसरे टोक कडकबाईंच्याच हातात होते. त्यांनी काम काढून घेतले नाही, अट मात्र घातली: इस्त्रीचे कपडे पलंगावर ठेवायचे नाहीत. काकांनी त्यासाठी भिंतीला फळी ठोकली. काकूंनी बाकीच्यांनाही आपणहून सांगितले. बटणतोडे जे गेले ते परत आले नाहीत. सुरकुतेसाहेब दारातच घुटमळले आणि हळूच विचारले, "त्या वाफेचं जरा सांगता का? आमच्याकडेही..."

मग एका दुपारी काकू सहज म्हणून माझ्यावर टेकल्या आणि विहिरीच्या तळासारख्या शांत झोपल्या. काकांनी इस्त्री बंद केली आणि पाय न वाजवता लेकीला बाहेर नेले. माझ्यात काहीच झिरपले नाही. तेवढ्यानेच मी तृप्त झालो.

आता मी म्हातारा झालो आहे. जुनी वस्तू घरात आणाल तर आधी तिच्या शिवणी पाहा. प्रवासाहून आल्यावर पिशव्या पलंगावर टाकू नका. पलंगाची कुरकुर ऐकत जा, त्याच्या फटी बुजवत जा. आम्ही तुमच्याकडून एवढेच मागतो.

कडकबाईंनी पुढे लॉज बंद केले आणि त्या दूर आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. त्यांच्या कडक घड्यांच्या हट्टाबद्दल लोक अजून कुरकुरतात, पण त्या दुपारचे कोणाला काही ठाऊक नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी खिडकी लावून, दंड झाकून, एकटेच गादीशी झटत असेल, तर नाक मुरडण्याआधी त्या बाईंची आठवण काढा. आणि गादीचे दुसरे टोक धरा.