शंखातल्या अक्षता

तेराव्याचे पाहुणे पांगले आणि दुसऱ्याच दिवशी प्रेमलाबाईंनी लेकीला सांगून टाकलं, "ती गाडी तेवढी भंगारात दे. मला ती डोळ्यांसमोर नको."

शरयूने वाद घातला नाही. "दिवाळीच्या सुट्टीत येते, तेव्हा बघू," एवढंच म्हणाली आणि औरंगाबादला आपल्या कॉलेजात परत गेली. दिवाळीची सुट्टी लागली. या वर्षी घरात सण नव्हते, त्यामुळे ना आकाशकंदील ना करंज्या. पिशवी ओसरीवर ठेवून ती आधी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि गाडीवरची ताडपत्री तिने बाजूला केली.

गाडी दोन माणसांची. विलायती, बुटकी, वर टप नसलेली. एका जहागीरदाराच्या घरातून ती वडिलांकडे, भालचंद्र वकिलांकडे आली तेव्हा शरयू परकरात होती. जालन्याच्या रस्त्यावर ती गाडी निघाली की पोरं मागे धावायची आणि वकील एखाद्या लग्नघरच्या यजमानासारखे दोन्ही बाजूंना मान हलवत जायचे. आता तिचं बॉनेट निघालेलं होतं. इंजिनाच्या एका अंगाला नवाकोरा बिडाचा नळ बसवलेला, त्याचं तोंड फडक्याने बांधलेलं. वैशाखात, अंगात काळा कोट असतानाच वकील गेले. काम तिथेच थांबलं होतं.

भिंतीतल्या कोनाड्यात तो होता. टर्बोचार्जर, इंजिनाचा जोर वाढवणारं यंत्र. वकिलांचा अमेरिकेतला मित्र श्रीपती याने सगळ्या नळ्या-नटांसकट पेटीच्या पेटी पाठवली होती. पण घरात त्याला टर्बोचार्जर कुणी म्हणत नसे. दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसाव्यात तसा त्याचा आकार. त्यातली एक ॲल्युमिनियमची, पांढरी, वेटोळ्याची, तोंड उघडं असलेली. पेटी उघडली त्या दिवशी तातेराव मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, हा तर शंख हाय बराबर!" तेव्हापासून तो शंखच.

तातेराव निरोप मिळताच आला. मोंढ्याच्या कडेला त्याचं गॅरेज. वकिलांचा पहिला अशील तो आणि शेवटपर्यंतचा सोबती. शेडच्या दारात त्याने चपला काढल्या, देवळात काढाव्या तशा.

"ताई, भंगारवाल्याला बोलवून राह्यल्या का मला, ते आधी सांगा. त्याला बोलवायचं असलं तर मी चहा पिऊन जातो."

"काम किती राहिलंय, तातेराव?"

"काम व्हय? अवघड समदं साहेबांनीच उरकलं. तांब्याचं जाड गॅस्केट टाकलं, धुराचा नळ बसवला. आता शंख बसवायचा, त्याला तेलाची नळी द्यायची, अन् किल्ली मारायची. दोन दिवसांचं काम. पण ताई, करायचं कशापायी? चालवणार कोण?"

"मी."

तातेरावाने तिच्याकडे पाहिलं. शरयूला गाडी वडिलांनीच शिकवली होती, याच गाडीवर, बदनापूरच्या रस्त्याला. हे त्यालाही ठाऊक होतं.

"अप्पांना एवढं वेड कशाचं होतं, तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "कुठे शर्यत लावायची होती त्यांना? जालन्यात या गाडीच्या पुढे पळणारं होतं तरी कोण?"

"पळवायची?" तातेराव हसला. "ताई, साहेबांना गाडी पळवायची न्हवतीच. चढवायची होती."

"कुठे?"

"पिंपळगावला. तुमच्या आजोळी. वैनींना बसवून."

मग शरयूला ती हकिगत आठवली. घरात ती कुणी सांगत नसे, पण माहीत सगळ्यांना होती. गाडी घेतली त्या वर्षी वकील बायकोला शेजारी बसवून पिंपळगाव रेणुकाईला, सासुरवाडीला निघाले. नवरात्राचे दिवस, देवीच्या दर्शनाला माणसं लोटलेली. गावाच्या अलीकडे जो चढ लागतो, तिथे निम्म्यावर गाडीने मान टाकली. थांबली ती थांबलीच, उलट मागे घरंगळायला लागली. शेवटी प्रेमलाबाईंचा भाऊ बद्रीनाथ बैलजोडी घेऊन आला आणि गाडी दोराने वर ओढली. बांधावरून कुणीतरी बाई मोठ्यांदा म्हणाली, "जावाईबापूची गाडी लई झ्याक, पन बैलं सासऱ्याचीच!" सगळी वाट हसली. प्रेमलाबाई खाली उतरल्या, ओटीचं ताट घेऊन उन्हातून चालत वर गेल्या, आणि पुन्हा त्या गाडीत त्यांनी पाय ठेवला नाही. पुढे माहेरी गेल्या त्या एस.टी.ने.

"तवापासनं बघा," तातेराव म्हणत होता, "आधी कार्बुरेटर झाला, मंग पिस्टन-रिंगा झाल्या, मंग गिअर झाले. दरवेळी साहेब एकटे त्या चढावर जाऊन यायचे. एकट्यानं चढायची गाडी. अन् शेजारच्या शिटावर वैनींच्या वजनाची ज्वारीची थैली टाकली की बसायची फतकल मारून. थैली मीच भरायचो. वैनींचं वजन त्यांना कुणी सांगितलं, ते मात्र मी इचारलं न्हाई."

शरयू हसली. वैशाखापासून पहिल्यांदाच, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

रात्री जेवताना तिने आईला सांगितलं की गाडी दुरुस्त करतोय आणि भाऊबीज झाली की मामाकडे जाऊ, त्याच गाडीने.

प्रेमलाबाईंनी ताटातली भाजी बोटाने सारखी केली. "तू जा. मी येत नाही. त्यांच्या हयातीत बसले नाही, आता कुणाला दाखवायला बसू?"

शरयूने आपलं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेरावाने शंख कोनाड्यातून उचलला. बसवण्याआधी त्याने आतलं चक्र बोटाने फिरवून पाहिलं. ते अर्धवट फिरलं आणि अडलं. पुन्हा फिरवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"आं?" त्याने शंख कानाशी नेला, मग तोंड खाली करून तळहातावर झटकला.

तळहातावर तांदळाचे दाणे पडले. कुंकवाने लाल झालेले, वाळलेले. पाठोपाठ झेंडूच्या दोन पाकळ्या.

खंडेनवमीला वकिलांच्या घरी पूजा असे ती अशी: पाटावर कायद्याची पुस्तकं, पुस्तकांवर नट आवळायचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, आणि सगळ्यांवर मिळून हळदकुंकू, अक्षता, झेंडू. या वर्षी पूजा नव्हती. निदान शरयूला तसं वाटत होतं.

"वैनी!" तातेरावाने शेडमधूनच हाक दिली. "ओ वैनी! शंखाला जेवायला वाढलंत का?"

प्रेमलाबाई हात पुसत दारात आल्या. तातेरावाचा उघडा तळहात त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या मुलीसारखा झाला.

"वर्ष सरलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "पाट मांडता येत नव्हता. पण त्यांचं सगळं तिथं तसंच पडलेलं. पुस्तकं नेली बार असोसिएशनच्या लोकांनी. हा एकटाच राहिला होता कोनाड्यात. म्हटलं, याला तरी... दोन अक्षता. देवघरातल्या देवांना वाहतो तशा." मग एकदम, "का रे? बिघडलं का काही?"

"बिघडलं न्हाई. पण किल्ली मारली असती तर बिघडलं असतं," तातेराव म्हणाला. "हे चक्र भिंगरीसारखं न्हाई फिरत, वैनी, नजरेला दिसत न्हाई इतकं फिरतं. दाणा लागला असता तर पात्यांचा चुरा."

प्रेमलाबाई खालीच बसल्या. "बघ, म्हणजे मीच बुडवत होते."

"तुम्ही कशाला बुडवता? शंखाचं तोंड उघडं ठेवून गेले ते साहेब. अन् ह्या यंत्राला शंख म्हणालो तो मी. देवानं तरी कोणाला नावं ठेवावी?" तातेराव चिमटा घेऊन आत शोधायला लागला. "आणखी हायेत दोन-चार. पाक पात्याच्या बुडाशी बसलेत. बोट जाईना माझं."

"आण इकडे."

प्रेमलाबाईंनी शंख मांडीवर घेतला. आयुष्यभर सुपात तांदूळ निवडलेली बोटं ती. अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी तो सरळ केला, टोकाला वातीचा कापूस गुंडाळला, जरासा रॉकेलात बुडवला आणि उजेडाकडे तोंड करून एकेक दाणा बाहेर ओढला. निघाला की पदरावर ठेवत. खाली टाकला नाही एकही.

शरयू दाराला टेकून पाहत होती. गाडीला आई सवत म्हणते, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"कळतं का हो वैनी, ह्याचं काम कसं चालतं?" तातेरावाने उगाच डिवचलं.

"न कळायला काय झालं? रोज जेवताना तेच तर चालायचं. फुंकणी आहे ती." त्या मान वर न करता म्हणाल्या. "इंजिनातून धूर फुकट जातो. त्या धुरानं इकडचं चक्र फिरतं, त्याच दांडीवर हे दुसरं. हे हवा कोंबतं इंजिनात. हवा जास्त तर जाळ जास्त. 'फुंकणी तुझीच, प्रेमला, पण फुंकायला धूरच ठेवलाय,' म्हणायचे. वरण गार व्हायचं तोवर."

त्यांनी शेवटचा दाणा काढला आणि चक्राला हलकेच टिचकी मारली. चक्र फिरलं. कितीतरी वेळ, आवाज न करता फिरत राहिलं.

"हे बसवलं की चढेल?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"चढायला पाहिजे."

"ज्वारीच्या थैलीसकट?"

तातेरावाने जीभ चावली. शरयूने आईकडे पाहिलं. म्हणजे तेही तिला माहीत होतं.

"जात्याजवळची थैली अर्ध्या दिवसासाठी गायब होते, ते बाईमाणसाला कळत नाही का?" प्रेमलाबाई उठल्या. "मी काही म्हटलं नाही. म्हटलं, चढू दे एकदा. मग विचारतील. त्यांनी विचारायला हवं होतं ना."

पदरातले दाणे घेऊन त्या आत गेल्या.

भाऊबीज झाली. निघायच्या दिवशी शरयूने आईला विचारलं. घसा साफ करून, जरा औपचारिकच विचारलं, "गाडी तयार आहे. येतेस का पिंपळगावला?"

प्रेमलाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, कानामागे घट्ट खोचला आणि म्हणाल्या, "चल."

राजूर गेलं, भोकरदन गेलं. ज्वारीची शेतं वाऱ्यात डोलत होती. बाई गाडी चालवते म्हणून माणसं थांबून बघत होती. तिकडे दोघींनी लक्ष दिलं नाही. सपाटीवर गाडीत काही फरक जाणवत नव्हता. आईचा उजवा हात तेवढा मांडीवर मुठीत होता.

चढ दिसला. खाली झाडाखाली बद्रीनाथमामा उभे होते, पांढऱ्या मिशांचे, आणि शेजारी जुंपलेली बैलजोडी. निरोप पोचला होता तर.

"या, या!" मामा ओरडले. "दोर आणलाय, अक्का! आत्ताच बांधू का निम्म्यावर?"

"तू बैलांना पाणी पाज आधी," प्रेमलाबाई म्हणाल्या.

शरयूने गिअर खाली घेतला. पहिल्या वळणापर्यंत गाडी जोमात गेली. मग वेग ओसरला. इंजिन जड झालं, रडवेलं झालं, जसं त्या दिवशी झालं असेल. शरयूच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर जवळजवळ जमिनीला टेकला होता. आणखी जरा, आणि गाडी थांबणार. आईने डोळे मिटले होते.

आणि मग तो आवाज आला. बॉनेटखालून, आधी दुरून कुणी शीळ घालावी तसा, मग चढत गेलेला. पाठीला सीट टेकली. कुणीतरी मागून दोन्ही तळव्यांनी ढकलावं तशी गाडी उचलली गेली. बाजूचे दगड, बोरी, बांध, बांधावरच्या बाया भराभर मागे पडल्या आणि एकदम समोर आभाळ आलं, आणि आभाळात देवळाचा कळस.

माथ्यावर सपाटीला शरयूने गाडी उभी केली. तिने किल्लीकडे हात नेला.

"थांब." प्रेमलाबाईंनी तिचं मनगट धरलं. "लगेच बंद नाही करायची. चढून आल्यावर ते तापलेलं असतं. आतलं चक्र फिरत असतं अजून. इंजिन बंद केलं की त्याचं तेल तुटतं, मग ते कोरडंच फिरतं आणि जळतं. थोडा वेळ नुसतं बसायचं त्याच्याजवळ."

"हे पण अप्पांनी सांगितलं?"

"सगळं सांगायचे. विचारायचं तेवढं राहिलं."

इंजिन संथ चालत होतं. शरयूचं मनगट आईच्या हातात होतं आणि आईने ते सोडलं नव्हतं. मग शरयूचे डोळे भरले आणि वाहायला लागले. वैशाखात, पाहुण्यांच्या गर्दीत, जे राहून गेलं होतं ते. प्रेमलाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. त्या समोर कळसाकडे बघत, अंगठ्याने तिचं मनगट चोळत बसल्या.

खालून मामा धापा टाकत वर आले. "अक्का, आलीस की गं! मंग उतरंना? गाडी बंद का करून नाही राह्यल्या?"

"बस जरा, बद्री. घाई काय आहे?"

मामा बांधावर टेकले. बैल रिकामेच वर येत होते, घुंगरं वाजत होती. बऱ्याच वेळाने प्रेमलाबाईंनी स्वतःच हात लांबवला आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. आत कुठेतरी ती बारीक शीळ अजून चालू होती. ती पूर्ण विरेपर्यंत दोघी कान देऊन बसल्या, मग प्रेमलाबाईंनी दार उघडलं.