वीस मिनिटांचा रस्ता

"विमानाने वीस मिनिटं, मावशी," छाया संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली. "या बेटापासून त्या बेटापर्यंत सत्तर किलोमीटर. रोज दोन विमानं आहेत."

विमलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "नीट बघा ना ताई. मुलगा म्हणतो, तिथं जायला विमानच नाही."

"आहे. छोटं असतं, पण रोज जातं."

इंदिरानगरहून दोन रिक्षा बदलून विमलाबाई गंगापूर रोडवरच्या या ट्रॅव्हल ऑफिसात आल्या होत्या. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिपाई म्हणून राबलेले पाय जिना चढतानाच भरून आले होते. मुलगा राकेश मालदीवच्या एका बेटावर हॉटेलात आचारी होता. सून संजना दुसऱ्या बेटावर नर्स. दोन वर्षं काढायची नि नाशिकला परतायचं, असं दोघांचं ठरलेलं.

गेल्या महिन्यात संजनाचं चार महिन्यांचं पोट पडलं. ज्या दवाखान्यात ती ड्युटी करायची, तिथेच आठ दिवस एकटी पडून होती. राकेश गेला नाही. "तिथं विमानच नाही, त्याचा नाइलाज आहे गं," विमलाबाईंनीच सुनेला फोनवर समजावलं होतं. संजना नुसतं "हो आई" म्हणाली. ते "हो आई" त्यांना तेव्हापासून सलत होतं.

"गेल्या महिन्यात वादळबिदळ होतं का?"

छायाने शोधून पाहिलं. "नाही, विमानं चालू होती." मग म्हणाली, "जागा मिळाली नसेल, मावशी."

"आठ दिवस?"



विमलाबाईंनी तिथूनच राकेशला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"वीस मिनिटं लागतात ना रे?"

राकेश भांड्यांपासून दूर गेला. मग म्हणाला, "सुट्टी मिळत होती, आई. पण तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही. जाऊन काय बोललो असतो?"

"बोलायचं कशाला? नुसतं जवळ बसायचं."

त्यांनी फोन ठेवला. पाणी प्यायल्या. मग संजनाला लावला.

"जय भीम, आई. या वेळी कसा फोन केलात?"

"मी तुला चुकीचं सांगितलं गं. तिथं विमान जातं."

"माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

विमलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी येते तुझ्याकडे," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून फक्त रडणं ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"तिकीट काढा, ताई. माझं एकटीचं."

"पासपोर्ट आहे?"

"नाही."

"मग आधी तो काढावा लागेल. वेळ जाईल थोडा."

"जाऊ दे. आज अर्ज भरून टाका."

छाया विचारत गेली, विमलाबाई सांगत गेल्या. नाव, जन्मतारीख, पत्ता. शिक्षण सातवी. नवरा हयात नाही.

"अडीअडचणीला कोणाला कळवायचं, ते लिहायचंय," छाया म्हणाली. "मुलाचं नाव घालू ना?"



"नको. संजना लिहा," विमलाबाई म्हणाल्या आणि मोबाइलमध्ये न बघता एकेक आकडा सावकाश सांगू लागल्या.