मिन्नलची पाठ

पाचव्या फटक्याला मिन्नल घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि हातातला दोर प्रतापसिंहाच्या तळव्याचं सालटं काढून गेला. दुसऱ्या हातातला चाबूक मात्र त्यानं सोडला नाही.

"अजून दोन दे!" कठड्यापलीकडून मुरली तमिळमध्ये ओरडला. "अडथळा दिसला की थांबते. नुसता माज आहे."

प्रतापसिंहानं अजून दोन दिले. सातव्याला घोडी वळली, तिनं त्याला खांद्यानं कठड्यावर दाबलं आणि त्याच्या दंडाचा लचका तोडला. रक्त कोपरापर्यंत आलं. शर्टाच्या बाहीनंच ते पुसून त्यानं तिला पुन्हा अडथळ्यासमोर नेलं. तिनं उडी मारली नाही.

पेरुंगुडीच्या दलदलीला लागून मुरलीची ही घोडेस्वारीची शाळा होती. कठड्यापाशी उभं राहिलं की आयटी कंपन्यांच्या काचा सकाळच्या उन्हात चमकताना दिसत. त्या काचांतलीच माणसं शनिवार-रविवारी इथे येऊन घोड्यावर बसत. अडून बसणारं जनावर सरळ करायचं काम प्रतापसिंहाचं. बत्तीस वर्षं तो ते करत होता. त्याचे आजोबा तंजावरहून मद्रासला आले तेही मोतद्दार म्हणूनच. घोड्याला आधी भय शिकवावं, मग चाल, असं ते म्हणत. नातवानं ते शब्द कधी तपासून पाहिले नव्हते. एरवी माणूस गरीब. घरी बायकोशी, कनकाशी, त्याचा आवाज कधी चढला नव्हता, आणि शेजाऱ्यांना तर तो घरात आहे की नाही हेही कळत नसे.

रविवारी बंगळूरचं गिऱ्हाईक घोडी बघायला येणार होतं. फटक्यांनी काम होत नाही म्हटल्यावर मुरलीनं बुधवारी घोड्यांची एक डॉक्टर बोलावली. पुण्याहून आलेली, तिशीची, शर्मिष्ठा नावाची. ती औषध देत नसे, हातांनी मणके बसवत असे. प्रतापसिंहाला आधी ते हसण्यासारखंच वाटलं.

तिनं मिन्नलच्या मानेपासून पाठीवरून तळवा फिरवत आणला. खोगिराच्या जागी बोटं पोचली मात्र, घोडी किंचाळली आणि तिचे मागचे पाय लटकन वाकले.

"काका, तुम्ही मराठी ना?" शर्मिष्ठानं विचारलं. "इथे हात ठेवा. हलके."

त्यानं ठेवला. कातडीखालचं मांस लाकडासारखं होतं, आणि त्या लाकडाच्या आत काहीतरी थरथरत होतं.

"मणके जखडलेत. चार-पाच महिने तरी झाले असतील. ही उडी मारायला नाही म्हणत नव्हती. हिला मारताच येत नव्हती." तिची बोटं पुठ्ठ्यावर थांबली. "आणि हे वळ?"

मुरली फोनमध्ये बघू लागला.

"माझे," प्रतापसिंह म्हणाला.

चाऱ्याचं खोकं उपडं घालून ती त्यावर चढली आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून एकेका मणक्यावर छोटे, नेमके झटके देऊ लागली. पहिल्या झटक्याला घोडीनं लाथ झाडली, भिंतीची वीट फुटली. अर्ध्या तासानं तिनं मान खाली सोडली आणि लांबलचक जांभई दिली. प्रतापसिंहानं तिला जांभई देताना कधी पाहिलंच नव्हतं.

"उद्या-परवा ही जास्त दुखेल," जाताना शर्मिष्ठानं दोघांना बजावलं. "इतके दिवस आखडलेलं अंग सुटलं की ठणकतंच. घाबरू नका. दोर हातात धरून फिरवा. सोमवारपर्यंत पाठीवर काही चढवायचं नाही. खोगीर नाही, झूलसुद्धा नाही."

तसंच झालं. गुरुवारी मिन्नल लाकडी खेळण्यासारखी चालली. शुक्रवारी तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. मुरली म्हणाला, त्या बाईनं घोडी बिघडवली. प्रतापसिंह तिला दिवसातून चार वेळा दोर सैल धरून फिरवत होता. तो बाजूला आला की तिची कातडी आधीच आकसायची.

घरी कनकानं विचारलं, "कायला जेवत नाही?"

"पाच महिने मारलं तिला. पाठ मोडली होती तिची. बोलली असती तर कळलं असतं मला."

"अय्यो, बोललीच की ती," कनका ताटात रसम वाढत म्हणाली. "उभी राहून बोलली, चावून बोलली. आणि कसं बोलायचं जनावरानं?"

रविवारी सकाळी तो तबेल्याजवळ पोचला तेव्हा आवाज रस्त्यावरच ऐकू आला. मुरलीनं स्वतः मिन्नलवर खोगीर घातलं होतं आणि तंग आवळून तो वर बसला होता. कठड्याशी बंगळूरची बाई उभी होती, विद्युलता नावाची, साठीची, पांढऱ्या केसांची.

मिन्नल जागच्या जागी गोल फिरत होती. तोंडाचा फेस लाल झाला होता. मुरलीनं टाचा मारल्या, छडी मारली. तिनं पाठ कमानीसारखी वर उचलून त्याला वाळूत फेकला. तो उठला तेव्हा त्याच्या हातात अडथळ्याचा लोखंडी गज होता. त्यानं तो तिच्या पाठीवर घातला. घोडी गुडघ्यांवर आली.

"पोदुम! पुरे, सार!" प्रतापसिंह कठड्याखालून आत घुसला आणि मधे उभा राहिला. दुसरा घाव त्याच्या तोंडावर बसला. डाव्या डोळ्यात काहीतरी फुटलं, गरम पाणी गालावर आलं.

मग त्याच्या हातानं जे केलं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. त्यानं गज हिसकावून फेकला, मुरलीला आडवा पाडला, खुंटीवरचा चाबूक ओढला आणि मारलं. बत्तीस वर्षांच्या सवयीचा हात होता तो, एकही फटका वाया जात नव्हता. पाठ, मांड्या, पुन्हा पाठ. विद्युलता ओरडत होती ते त्याला ऐकू येत नव्हतं. मुरलीनं पाय पोटाशी घेतले, दोन्ही हात डोक्यावर धरले, आणि सदऱ्याखाली त्याची पाठ आकसली. फटका पडायच्या आधीच आकसली.

प्रतापसिंहाला ते एका डोळ्यानं दिसलं. ते आकसणं त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं चाबूक टाकला आणि तो वाळूत बसला.

डोळा वाचला नाही. नोकरीही गेली. मुरली पोलिसांकडे गेला नाही, कारण आधी गज कुणी उचलला हे विद्युलतानं पाहिलं होतं. तिनं घोडी घेतली. पण लगेच बंगळूरला नेली नाही, गावाबाहेरच्या दुसऱ्या एका तबेल्यात ठेवली. शर्मिष्ठाला पुन्हा दोनदा बोलावलं, महिनाभर पाठीवर कुणाला बसू दिलं नाही. आणि न्यायच्या दिवशी तिनं प्रतापसिंहाला निरोप पाठवला.

तो गेला तेव्हा मिन्नल मोकळ्या मैदानात एकटी होती. आडवं टाकलेलं लाकूड तिनं कुणी न सांगता, पळता पळता, सहज ओलांडलं. शेपटी सैल होती. तिथल्या दोन बायका तिला हातानं गाजर देत होत्या आणि ती त्यांच्या खांद्यावर नाक घासत होती.

"बरी झाली," विद्युलता म्हणाली. "तुम्ही मधे पडला नसता तर त्या दिवशी मेली असती. माझ्याकडे चला बंगळूरला. राहायला जागा आहे. हिला ओळखीचा माणूस हवा."

प्रतापसिंहानं एक गाजर घेतलं आणि तो पुढे झाला. "मिन्नल," त्यानं हळूच हाक मारली.

घोडीचे कान मागे पडले. ती बायकांपासून सुटून कोपऱ्यापर्यंत मागे गेली, कठड्याला पुठ्ठे टेकवून उभी राहिली आणि तिथेच तिनं मुतलं. मानेपासून शेपटीपर्यंत तिची कातडी थरथरत होती.

तो थांबला. गाजर त्यानं कठड्यावर ठेवलं.

"नको, अम्मा," तो म्हणाला. "ओळखीचा नको तिला."

ट्रक दाराशी लागला होता, घोडी चढवायची होती. तो तिला दिसत असेपर्यंत ती जागची हलणार नव्हती. प्रतापसिंह रस्त्यावर गेला आणि ट्रकच्या पलीकडे, चाकाच्या आडोशाला, भर उन्हात उभा राहिला. आत फळीवर आधी दोन टापा वाजल्या, मग चार.