टाकीखालच्या दोन पट्ट्या

राघवेंद्रला वाकडं काही म्हणून खपायचं नाही. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला तो. देवघरातली समई बोटभर सरकलेली दिसली तरी त्याची आई ती नीट लावल्याशिवाय चहाला तोंड लावायची नाही. लेकानं आईचं बाकी काही उचललं असो नसो, हे मात्र पुरेपूर उचललं. त्यामुळं जळकोटच्या दूध शीतकरण केंद्राचा इनचार्ज झाल्या झाल्या त्याच्या डोळ्यांत काय खुपलं, तर जनरेटरची डिझेल टाकी. दोन हजार लिटरची आडवी टाकी, आणि चक्क तिरकी! मागच्या पायांखाली कुणीतरी दोन लोखंडी पट्ट्या सरकवलेल्या.

ते कुणीतरी म्हणजे मुनवरचाचा. अणदूरचा म्हातारा फिटर, बावीस वर्षं ही टाकी त्याच्याच हाताखाली. रोज सकाळी टाकीच्या पुढच्या टोकाचा खालचा कॉक उघडून तो काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढायचा आणि उन्हात धरून बघायचा.

"चाचा, रोज तीर्थ काढता का हो?" राघवेंद्रनं एकदा चेष्टा केली.

"व्हय साहेब, तीर्थच समजा," चाचा हसला. "रातची हवा गार झाली की टाकीला आतून घाम फुटतो. ते पाणी डिझेलखाली जाऊन बसतं अन् गुपचूप पत्रा खातं. वरून लाख रंग मारा, आत काय चाललंय ते दिसत न्हाय."

राघवेंद्रनं मान डोलावली. पट्ट्यांबद्दल मात्र त्यानं विचारलं नाही. आपण साहेब, फिटरला काय विचारायचं! जूनमध्ये चाचा रिटायर होऊन घरी बसला, आणि बाटलीही फडताळात गेली.

मग आली खंडेनवमी. यंत्रांच्या पूजेचा दिवस, आणि पूजा म्हटल्यावर आमच्या राघवेंद्रचं काय सांगावं! पहाटेपासून पाइप लावून सगळं केंद्र धुऊन काढलं. टाकीवर तर स्वारी स्वतः चढली. डिझेल किती आहे ते बघायला वरचं झाकण उघडलं, परत लावताना घाईत अर्धवटच फिरवलं, आणि वरून दणदणीत आंघोळ घातली. मग खाली उतरून सिदू ऑपरेटरला म्हणाला, "जॅक लाव आणि त्या पट्ट्या काढ. फोटोत वाकडं दिसतंय."

पट्ट्या निघाल्या, झेंडूचे हार चढले, नारळ फुटला, फोटो झकास आला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम कॉक उघडून बघितला. स्वच्छ डिझेल! उगाच म्हाताऱ्याचं खूळ, असं म्हणून त्यानं हात पुसले.

पाचव्या दिवशी, कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी, ट्रान्सफॉर्मर उडाला. सोळा गावांचं दूध नुकतंच आत ओतलेलं, अजून कोमट. जनरेटर सुरू झाला, दोन मिनिटं चालला, खोकला आणि गपगार. सिदूनं चार वेळा किल्ली मारली. उपयोग शून्य. मीटरवर दुधाचं तापमान एकतीस. दोन तासांत थंड झालं नाही, तर नऊ हजार लिटर नाल्यात ओतायचं. भल्या पहाटे उठून धारा काढणाऱ्या बायांना काय तोंड दाखवायचं? राघवेंद्रनं अणदूरला फोन लावला.

चाचानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "साहेब, नवमीला टाकीला आंघोळ घातली का?"

"हो चाचा, मीच घातली."

"आलो," म्हणून चाचानं फोन ठेवला. वीस मिनिटांत सून निखतच्या स्कूटीवरून तो दारात उतरला. टाकीकडं बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "पट्ट्या कुठंयत?"

त्या भंगारात होत्या. राघवेंद्रनं स्वतः ढिगात हात घालून शोधल्या, बोटं कापली तरी थांबला नाही. जॅकवर टाकी उचलून पट्ट्या परत बसवल्या.

"ह्या फरशीचा उतार मागं हाय," चाचा म्हणाला, "अन् इंजिनाची नळी बी मागंच. टाकी सरळ ठेवली की पाणी मागं जाऊन नळीत घुसतं. म्हणून म्या ती पुढं कलवली. आता पाणी खाली येईस्तोवर अर्धा तास बसायचं. घाई केली तर पुन्हा बंद पडंल."

तो अर्धा तास राघवेंद्रनं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत! नुसता मीटरपाशी जायचा आणि परत यायचा. शेवटी चाचानं कॉक उघडला. भदाभदा लालसर पाणी आलं, दीड बादली. मग सिदूनं फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, आणि किल्ली मारताच जनरेटर धडधडत उठला. दूध वाचलं. कामगारांसमोरच राघवेंद्रचे डोळे भरून आले.

आठवड्यानं डिझेल पिपांत काढून त्यांनी टाकीत बॅटरी मारली. मागच्या टोकाला, पाणी बसलं होतं तिथं, तळहाताएवढा लाल गंज. बाकी बावीस वर्षांचा पत्रा नव्यासारखा.

"पाच दिवसांत एवढं?" राघवेंद्र पुटपुटला.

"वर्षभरात भोक पडलं असतं. घासून रंग लावू, व्हईल ठीक."

"चाचा, चुकलं माझं. बावीस वर्षं तुम्ही हे जपलं, आणि मी तुम्हाला साधं विचारलंसुद्धा नाही. उपकार झाले तुमचे."

"जाऊ द्या हो साहेब. नारळ फोडला तवा मला बोलवायचं हुतं, एवढंच."

यंदाच्या खंडेनवमीला बोलवलं. चाचा येईपर्यंत पूजा थांबली होती. टाकी कोरड्या फडक्यानं पुसलेली, झाकण घट्ट. चाचानं कॉक उघडून बाटली भरली, उन्हात धरली, आणि हसून मान हलवली. मग राघवेंद्र सगळ्यांसमोर जमिनीवर वाकला. त्यानं हळद-कुंकू लावलं ते टाकीखालच्या त्या दोन पट्ट्यांना, आणि पहिला नारळ चाचाच्या हातात दिला.

"मान तुमचा, चाचा."

नारळ छातीशी धरून म्हातारा म्हणाला, "फकस्त टाकीला आंघोळ घालू नका म्हंजे झालं."