कासवाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. प्राथमिक शाळेच्या कपाटात, फुटक्या पट्ट्या आणि सुकलेल्या रंगांच्या शेजारी पडून असतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच पुसली, मला उजेडात तिरपे धरून पाहिले आणि खोक्यात घातले. शाळेत आलो तेव्हा माझ्यावर नुसते बोट टेकवायला मुलांची रांग लागे.

मग तिसरीच्या बाईंनी मला खरे काम दिले. मुलांनी मातीची जनावरे करायची, ती तसूभर सरकवायची, माझ्याकडून फोटो काढायचा, पुन्हा तसूभर सरकवायची. सगळे फोटो भराभर दाखवले की जनावरे नदीकडे चालू लागत! त्यांना आवाज मुलांनीच द्यायचा होता.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती वर्गात आहे हेच कुणाला कळत नसे. बोलताना ती पहिल्या अक्षरावर अडायची आणि तिचे वाक्य दुसरेच कुणी पुरे करायचे. शेवटी तिने बोलणेच सोडले होते. बाईंनी कासव तिला दिले.

"न... नको बाई. मी अडते."

"अगं, कासव आहे ते! त्याला कुठे गाडी पकडायचीय?"

खेळाच्या गाद्या ठेवायच्या खोलीत बाईंनी आम्हा दोघांना बसवले आणि स्वतः दाराबाहेर राखण करत उभ्या राहिल्या. मुंगी अडली, थांबली, पुन्हा अडली. पण मी मध्ये बोलत नाही. अखेर ती म्हणाली, "म... मला पण पाणी हवंय." मग स्वतःचाच आवाज माझ्यातून ऐकून खुदकन हसली. त्यानंतर हजेरीला ती हळूच, पण तोंडाने "हजर" म्हणू लागली. एकदा तर तिने आपणहून खडू मागितला. बाईंनी पाठ फिरवून डोळे पुसले.

हा चित्रपट शाळेच्या कार्यक्रमात पालक-पाहुण्यांना दाखवायचा होता. आदल्या दिवशी तो जुळवायचे काम भोंग्याकडे आले. वर्गातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा, पण मनाने चांगला मुलगा.

"अरे, हे कासव बोलेपर्यंत पाहुणे घोरायला लागतील!" तो म्हणाला. "आवाज पळवू या याचा."

त्याने बोट सरकवले. मुंगीचा आवाज चिरक्या उंदरासारखा झाला. मुले पोट धरून हसली.

"मुंगी हिट होणार बघ!" भोंग्याला ते मनापासून वाटत होते. मुंगीला कुणी विचारले नाही. बाई खुर्च्या लावण्यात गुंतल्या होत्या. मला सांगितले ते मी केले. नवा आवाज जुन्यावर बसला आणि जुना पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. मुंगीची आई कामावरून तशीच, गणवेशात आली होती. पडद्यावर कासव बोलले आणि हशा उसळला. बाईसुद्धा हसल्या, मग कासव कुणाचे ते आठवून त्यांचा चेहरा उतरला.

आईही हसत होती. ती वाकून मुंगीला म्हणाली, "किती मजेशीर गं! पण यात तुझा आवाज कुठला?"



त्या दिवशी पाहुण्यांनी माझी फार स्तुती केली.

नंतर बाईंनी माझा कानाकोपरा धुंडाळला. जुना आवाज कुठेच नव्हता. मग बाई मुंगीला पुन्हा गाद्यांच्या खोलीत घेऊन आल्या. "पुन्हा म्हणतेस, बाळा? मी कुणाला हात लावू देणार नाही." भोंगा दारात उभा होता. "मुंगे, सॉरी गं. मला वाटलं, तुला आवडेल."

मुंगीने दोघांचे ऐकून घेतले. मग चिमूटभर ओली माती घेतली, आवाज टिपणाऱ्या माझ्या बारीक छिद्रावर ठेवली आणि अंगठ्याने शांतपणे दाबून सपाट केली.

वर्षभर तिने हजेरीला नुसता हात वर केला. पुढे ती शाळा सोडून गेली. ती कुठे बोलते का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याकडचे टॅब माझ्याहून हुशार असतील. चित्रपट करा, गाणी करा, हवी ती गंमत करा. पण दुसऱ्याचा आवाज हाती आला, तर बोट टेकवण्याआधी त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. ते त्याच्याच तोंडून येऊ द्या.