फोटोखाली काय लिहिलंय

बद्रीनाथ ड्रायव्हर गाडीतून उतरला तेव्हा गिरिजाबाई जालन्याच्या फलाटावरचे माठ भरत होती. नोकरीतून मोकळा होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. मंठ्याला घर बांधून तो सुखात होता, तरी महिन्या-दोन महिन्यांनी तिची चौकशी करायला यायचाच. आज मात्र तो वेगळ्याच घाईत होता. त्याचं जुनं इंजिन भंगारात जायचं वाचलं होतं. मोठ्या जंक्शनला रेल्वेच्या जुन्या गाड्यांचं संग्रहालय निघणार होतं, तिथं ते रंगवून लोकांना बघायला उभं करणार होते. साहेबांना त्या इंजिनाची सगळी हकिकत हवी होती, आणि एखादा जुना फोटोही.

"देवानंदचा तो फोटो दे," तो म्हणाला. "इंजिनाशेजारीच लावणार हायेत. खाली त्याचं नाव येईल."

नवऱ्याचा तेवढा एकच फोटो तिच्यापाशी होता. इंजिनापुढं बद्रीनाथ छाती काढून उभा, आणि बाजूला हातात फावडं घेतलेला देवानंद. गिरिजाबाईनं दुपारी घरी जाऊन तो भिंतीवरून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि त्याच्या हाती दिला. या माणसाला तिनं सोळा वर्षांत कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वी, एकसष्ट साली, देवानंद त्या इंजिनावर फायरमन होता. मालगाडी घेऊन दोघं परतूरकडून येत असताना रांजणीच्या अलीकडं बॉयलरची नळी फुटली. भट्टीच्या तोंडातून वाफ आणि निखारे दोघांच्या अंगावर आले. पुढं स्टेशनात पॅसेंजर उभी होती, माणसांनी भरलेली. बद्रीनाथनं उडी मारली. देवानंदनं मारली नाही. त्यानं त्या वाफेत हात घालून ब्रेक लावला, गाडी थांबवली आणि मग खाली रुळाशेजारी कोसळला. मागच्या डब्यातला गार्ड चालत इंजिनापाशी पोचेपर्यंत बद्रीनाथ धावत येऊन परत वर चढला होता. गार्डनं पाहिलं ते एवढंच, ड्रायव्हर इंजिनावर आणि फायरमन जमिनीवर.

देवानंद दवाखान्यात दोन दिवस जगला. त्यानं बायकोला खरं काय ते सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की कुठं बोलू नको, बद्रीनाथ उस्तादाला चार लेकरं हायेत. तो गेल्यावर चौकशी लागली. बद्रीनाथ तिच्या दारात येऊन रडला. नोकरी गेली तर घरदार उघड्यावर येईल म्हणाला. जबाबाचा कागद त्यानंच तिला वाचून दाखवला. दोघांनी मिळून गाडी थांबवली, असं त्यात लिहिलं होतं. नवऱ्याची शेवटची इच्छा आणि कागदात खोटं तरी किती, अर्धंच, असं समजून तिनं अंगठा दिला.

पुढं तिला स्टेशनावर पाणीवालीची नोकरी लागली, त्यातही बद्रीनाथचा शब्द होता. दर चौदा एप्रिलला तो पेढे घेऊन त्यांच्या वस्तीत यायचा, तिच्या घरात मांडी घालून जेवायचा. त्या काळात हे थोडं नव्हतं. वस्तीतली म्हातारी माणसं म्हणायची, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. गिरिजाबाईलाही तसंच वाटायचं.

संग्रहालय उघडलं. बद्रीनाथ म्हणाला, तू एकटी जाऊ नको, मीच नेतो. आज नेतो, उद्या नेतो करत दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी मुलगी बेबीनंदा, जी जाफराबादच्या शाळेत मास्तरीण होती, एका रविवारी रजा जोडून आली आणि आईला घेऊन गाडीत बसली.

इंजिन ओळखू येईना एवढं चकचकीत केलं होतं. काळा रंग, लाल चाकं, चहूबाजूंनी साखळी. पलीकडच्या अंगाला शाळेची सहल आली होती आणि कुणीतरी मुलांना गोष्ट सांगत होतं. आवाज ऐकून गिरिजाबाईचा चेहरा उजळला. बद्रीनाथच होता तो. रविवारी संग्रहालयाचे लोक त्याला बोलावून इथं खुर्ची देतात, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. ती इंजिनाला वळसा घालायला निघाली आणि दोन पावलांवर थांबली.

तो सांगत होता की नळी फुटली तेव्हा फायरमन घाबरला. पोरगा नवीन होता बिचारा, त्यानं उडी मारली आणि त्यातच गेला. मग आपण एकट्यानं कशी गाडी धरली, तेही त्यानं हात उंचावून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बेबीनंदानं आईचा दंड धरला. मग तिची नजर शेजारच्या काचेच्या कपाटाकडं गेली. आत तो फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'शूर ड्रायव्हर बद्रीनाथ, सोबत फायरमन.' त्याच्याशेजारी चौकशीचा पिवळा पडलेला कागद होता, खाली अंगठा.

"वाच," गिरिजाबाई म्हणाली.

बेबीनंदानं हळू आवाजात वाचलं. माझा नवरा भिऊन इंजिनावरून खाली उडी टाकून जखमी झाला, असे त्याने मरणापूर्वी मला स्वतः सांगितले. गाडी ड्रायव्हरने थांबवली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

गिरिजाबाईनं काचेवरून त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मुलं पुढं गेली तशी ती बद्रीनाथच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. तो ताडकन उठला आणि परत बसला.

"दादा, कागद तवाच आसा लिव्हला होता?"

त्यानं आधी संग्रहालयाच्या साहेबावर ढकललं. मग म्हणाला, "पोटाचा सवाल होता, गिरिजा. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, आसं वाटलं मला."

"तुम्ही मला दुसरंच वाचून दाखिवलं. दोघांनी मिळून थांबिवली, म्हन्ले."

 गिरिजाबाई बेबीनंदाला घेऊन संग्रहालयाच्या कचेरीकडं वळली.

कचेरीत बसलेला अधिकारी तरुण होता. त्यानं दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं, पण चौकशी कधीच बंद झाली होती आणि कागदावर अंगठा बाईंचाच होता. अंगठा माझाच हाये, शब्द माझे न्हाईत, गिरिजाबाई म्हणाली. मग नवीन अर्ज द्या, तो म्हणाला, मी वर पाठवतो.

बेबीनंदानं तिथंच बसून अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. गिरिजाबाईनं तो पुन्हा वाचायला लावला. मग तिनं कागद मुलीच्या हातातून घेतला, दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसाकडं नेला आणि त्याला म्हणाली, "यात काय लिव्हलंय, सांगता का?"

बेबीनंदाला ते लागलं. तिनं आयुष्यात आईला एक अक्षर खोटं वाचून दाखवलं नव्हतं. तिकिटवाल्यानं अडखळत पूर्ण अर्ज वाचला, शब्दाला शब्द तोच. तेव्हा कुठं गिरिजाबाईनं शाईत अंगठा बुडवला. परतीच्या गाडीत मायलेकी समोरासमोर बसल्या. जालना आल्यावर गिरिजाबाई एवढंच म्हणाली, "तुझ्यावर न्हाई गं राग." बेबीनंदा म्हणाली, माहीत आहे. तिच्या आवाजावरून मात्र तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईनं स्टेशनावर हमालांना, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटवाल्यांना, वस्तीतल्या बायकांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. काहींना पटलं. काहींनी विचारलं की इतकी वर्षं गप्प का बसली होतीस. बद्रीनाथ त्यानंतर जालन्याला उतरला नाही. मंठ्याहून येणारे म्हणायचे, तो अजूनही रविवारी जायला निघतो, फक्त आता परभणीवरून जातो.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. प्रकरण विचाराधीन आहे, तोवर कपाटातला कागद आणि फोटोखालची ओळ काढून टाकण्यात आली आहे. आता फोटोखाली फक्त इंजिनाचा नंबर आणि ते बांधल्याचं साल होतं. बेबीनंदा म्हणाली, खोटं तरी गेलं. गिरिजाबाई म्हणाली की खोटं गेलं, पण त्या ओळीतला फायरमनही गेला, आणि दुसरा अर्ज लिहायला तिनं मुलीला शेजारी बसवून घेतलं.